नसलेल्या कार्डाचं घड्याळ

आमच्या तिसगावात उन्हाळ्यात सप्ताह बसला की मांडव देवळापुढं आणि साऊंडवाल्या मामांचा टेंपो रस्त्याच्या पलीकडं, ही मांडणी ठरलेली. टेंपोत अँप्लिफायर, त्याला खेटून जनरेटर. जनरेटरची घरघर कीर्तनात नको म्हणून तो जमेल तितका लांब ठेवायचा. लॅपटॉप मात्र मांडवातच, कारण पहाटेच्या काकड्याआधी आणि दुपारच्या मोकळ्या वेळात लावायच्या भजनांचा सगळा साठा त्यात. माइकच्या जाड केबली खांबांवरून नेलेल्या होत्या. लॅपटॉपची बारीक केबल तेवढी रस्त्यावरून, साठेक मीटर, वर माती लोटून. तिसऱ्या दिवशी दुपारी पाण्याचा टँकर तिच्यावरून गेला. आवाज पार बंद पडला असता तर बरं झालं असतं. तो बंद पडला नाही, त्याच्यात 'घूंऽऽ' अशी गुणगुण शिरली आणि उरलेले दिवस भजनाच्या मागं ती चालूच राहिली.

मामा म्हणाले, "तू एवढा कॉम्प्युटरवाला. लॉकडाऊनमध्ये पुण्याची नोकरी इथं बसून केलीस. मग पलीकडं आवाज न्यायला अजून वायरच लागती का?"

हे पुस्तक म्हणजे त्या प्रश्नाला द्यायला उशीर झालेलं उत्तर आहे. कबूल करून टाकतो, की त्या दिवशी एक साधा डीआय बॉक्स आणि माइकसारखी बॅलन्स्ड केबल आणली असती तर गुणगुण गेली असती आणि हे पुस्तक झालंच नसतं. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून निघणारा सिग्नल मुळात कानापर्यंत जायला केलेला, रस्ता ओलांडायला नव्हे. पण प्रश्न डोक्यात बसला होता. कॉम्प्युटरात वाजणारा आवाज त्याच्या स्पीकरकडं जाऊच नये, नेटवर्कवरून थेट दुसऱ्या यंत्राकडं जावा, आणि वाजवणाऱ्या प्रोग्रामला याचा पत्ताही लागू नये, यासाठी काय करावं लागतं?

त्याचं उत्तर व्हर्च्युअल ऑडिओ ड्रायव्हर. पाथर्डी तालुक्यात ड्रायव्हर म्हटलं की ट्रक किंवा टँकर डोळ्यांपुढं येतो, आणि ही उपमा वाटते तितकी वाईट नाही. ऑपरेटिंग सिस्टिमला साऊंड कार्ड चालवता येत नाही. तिच्या वतीनं ते चालवणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. व्हर्च्युअल ड्रायव्हर हा गाडी नसलेला ड्रायव्हर. तो सिस्टिमला सांगतो, माझ्याकडं एक साऊंड कार्ड आहे, दोन चॅनल, सोळा बिट, सेकंदाला ४८,००० सॅम्पल. सिस्टिम विश्वास ठेवते. स्पीकरच्या यादीत त्याचं नाव दिसू लागतं. भजन लावणाऱ्या प्रोग्रामनं ते निवडलं की सगळा आवाज त्याच्याकडं येतो, आणि त्याचं पुढं काय करायचं हे आपल्या हातात. आपण तो पॅकेटांत भरून नेटवर्कवर सोडायचा.

इथं वाचकाला एकदा थांबवतो. तुमचं काम ड्रायव्हर न लिहिता होत असेल तर लिहू नका. विंडोज व्हिस्टापासून वासापी नावाची सोय आहे. तिच्यात लूपबॅक म्हणून एक प्रकार आहे. स्पीकरकडं जे चाललंय त्याची प्रत साध्या प्रोग्रामला त्यातून मिळते. कर्नलमध्ये पाऊल टाकायची गरज नाही. अडचणी तीन. स्पीकर वाजतच राहतो. काही वाजत नसेल तर प्रतही येत नाही, शांततेचे आकडे आपले आपण भरावे लागतात. आणि ज्या यंत्राला स्पीकरच जोडलेला नाही, त्याच्यावर प्रत कशाची घेणार? या तिन्हींपैकी एकानंही तुमचं अडत असेल, तर पुढची पानं तुमच्यासाठी.

लिनक्सवाल्यांना हे वाचून हसू येईल, आणि ते रास्त आहे. तिथं पल्सऑडिओनं २००४ पासून हा विषय जवळजवळ मिटवला. 'नल सिंक' नावाचा खोटा स्पीकर एका ओळीत तयार होतो, दुसऱ्या ओळीत त्याचा आवाज नेटवर्कवर जातो. आता त्याची जागा पाइपवायर घेत आहे. फेडोरानं २०२१ मध्ये तो मुळातच बसवून द्यायला सुरुवात केली. मॅकवर पूर्वी साऊंडफ्लॉवर होतं, आता ब्लॅकहोल आहे. विंडोजची वाट वेगळी. तिथं खोटं कार्डसुद्धा खऱ्या कार्डासारखं कर्नलमध्ये जाऊन बसतं. मायक्रोसॉफ्ट ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना नमुन्याचा कोड देत आलंय, त्याचं नाव आधी एमएसव्हॅड, पुढं सिसव्हॅड. स्क्रीम हा विंडोजचा मुक्तस्रोत ड्रायव्हर एमएसव्हॅडमधूनच निघाला. त्याचा कोड छोटा आहे, इतका की एका सुट्टीत वाचून होतो, आणि शिकायला मी तोच धरला. ११५२ बाइटचा आवाज, पुढं ५ बाइटचं पत्र, ज्यात सॅम्पलचा वेग, रुंदी आणि चॅनल लिहिलेले, एवढंच त्याचं पॅकेट. उत्तराची वाट न बघता यूडीपीवर सोडून द्यायचं.

आकडे मांडू या. ४८,००० सॅम्पल, दर सॅम्पल दोन बाइट, चॅनल दोन, म्हणजे सेकंदाला १,९२,००० बाइट. एका पॅकेटात ११५२ बाइट, म्हणजे बरोबर सहा मिलिसेकंदांचा आवाज. सेकंदाला १६६-१६७ पॅकेटं. तासाला सुमारे ६९० एमबी. एवढा आकडा ऐकून मामांनी विचारलं होतं, रिचार्ज कोण मारणार? तर हे इंटरनेट नव्हे. मांडवातल्या राउटरपासून टेंपोपर्यंतच जायचंय, पैसा लागत नाही.

पलीकडच्या बाजूला मी एक रास्पबेरी पाय ठेवला, त्याला यूएसबीचं साऊंड कार्ड, आणि तिथून वीतभर वायर अँप्लिफायरला. पॅकेट आलं की लगेच वाजवायचं नाही. थोडा साठा करायचा, मग वाजवायचं. या साठ्याला बफर म्हणतात, आणि बफर शिकवायला आमच्या भागात पुस्तक लागू नये. वस्तीवर टँकर येतो, हौदात पाणी सोडतो, खालच्या तोटीनं लोक भरतात. टँकर कधी अर्धा तास लवकर, कधी दोन तास उशिरा. हौद मोठा असेल तर टँकरच्या उशिराचं कुणाला काही वाटत नाही, पण घरात पोचणारं पाणी कालचं असतं. हौद लहान असेल तर पाणी ताजं, पण टँकर जरा अडला की तोटी कोरडी. आवाजाचंही तेच. मोठ्या बफरचा आवाज अखंड आणि उशिरा, लहान बफरचा वेळेवर आणि भरवशाचा नाही. मी पन्नास मिलिसेकंदांचा हौद धरला.

इथपर्यंत आलेल्याला वाटतं, झालं. मलाही वाटलं होतं. आवाज पलीकडं पोचला, गुणगुण नाही, खरखर नाही. रात्री गोडाऊनमध्ये जुन्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग लावून आम्ही चहा घेत बसलो. आठेक मिनिटांनी भोंग्यातून 'टक्' असा आवाज आला आणि कीर्तनकारांचा अर्धा शब्द गिळला गेला. पुन्हा सगळं सुरळीत. पुन्हा आठ मिनिटांनी 'टक्'.

"भोंग्याला उचकी लागली," मामा म्हणाले. पुस्तकात पुढं सगळीकडं मी हाच शब्द ठेवलाय, उचकी. याच्याहून नेमका शब्द मला सापडला नाही.

मी राउटरवर संशय घेतला. वाय-फाय काढून लॅनची केबल टाकली. उचकी कायम. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू-बंद होतो म्हणून असेल, तर फ्रिज बंद करून पाहिला. घरच्यांचं बोलणं खाल्लं, उचकी कायम. शेवटी घड्याळ लावून बसलो, तर ती यायची आठ-सव्वाआठ मिनिटांनी, काटेकोर. नेटवर्कचा घोटाळा असा शिस्तीत येत नाही. शिस्तीत येतो तो हिशेबाचा घोटाळा.

खरं साऊंड कार्ड आवाज बनवतं असं आपण म्हणतो, पण त्याचं मोठं काम वेगळंच आहे. त्याच्यावर क्वार्ट्झचा एक स्फटिक असतो, तो ठरावीक वेगानं थरथरतो, आणि त्या ठेक्यावर कार्ड मेमरीतून एकेक सॅम्पल उचलत जातं. सिस्टिम मागून पाहत राहते, कार्ड कुठपर्यंत पोचलं, तेवढं पुढं भरत राहते. म्हणजे वेग ठरवतं ते कार्ड. प्लेअर नव्हे, विंडोज नव्हे. हौदाची तोटी कार्डाच्या हातात.

आणि आपल्याकडं कार्डच नाही. हौद आहे, तोटी नाही. सिस्टिम विचारत राहते, कुठपर्यंत वाजवलंस? आणि ड्रायव्हरला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. काहीच उत्तर दिलं नाही तर गाणं पहिल्या सेकंदावर गोठून बसतं. मनाला येईल ते उत्तर दिलं तर साडेतीन मिनिटांचं गाणं दीड मिनिटात संपतं. (हेही मी करून पाहिलंय. ऐकू काही येत नाही, प्लेअरची पट्टी मात्र वेड्यासारखी पळते.) म्हणून ड्रायव्हरला सिस्टिमच्या घड्याळाकडं बघून खोटं खोटं पाणी प्यावं लागतं, पण बरोबर तेवढंच, जेवढं खऱ्या कार्डानं प्यायलं असतं. आवाज पाठवणं हा या कामातला सोपा भाग निघाला. नसलेल्या कार्डाचं घड्याळ चालवणं हे खरं काम, आणि या पुस्तकातली निम्म्याहून अधिक पानं त्याच्यावरच गेली आहेत.

माझी चूक कुठं होती ते सांगतो, कारण अशीच चूक मी नंतर इतरांच्या कोडमध्येही पाहिली. विंडोजचा नेहमीचा टायमर सेकंदाला ६४ वेळा टिकतो, म्हणजे दर १५.६२५ मिलिसेकंदांनी. कीर्तनाचं रेकॉर्डिंग सीडीच्या वेगाचं, सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, आणि कार्डही त्याच वेगावर लावलेलं. एका टिकेत किती सॅम्पल सरले पाहिजेत? ४४,१०० भागिले ६४, उत्तर ६८९.०६२५. मी पूर्णांकी भागाकार केला होता. कॉम्प्युटरनं ६८९ घेतले आणि दशांश चिन्हापुढचं टाकून दिलं. एका सॅम्पलचा सोळावा हिस्सा, कोण विचारतो? पण तो सेकंदात ६४ वेळा टाकला की चार सॅम्पल होतात. माझं कार्ड ४४,१०० च्या जागी ४४,०९६ नं चालत होतं. पलीकडचं यूएसबी कार्ड मात्र खऱ्या वेगानं पीत होतं. पन्नास मिलिसेकंदांचा हौद म्हणजे २,२०५ सॅम्पल. सेकंदाला चारप्रमाणे तो रिकामा व्हायला नऊ मिनिटं अकरा सेकंद लागतात. हौद रिकामा, तोटी कोरडी, उचकी. पुन्हा भरायचा, पुन्हा नऊ मिनिटं.

उरलेला तुकडा पुढच्या हिशेबात जमा धरायला कोडच्या दोन ओळी पुरल्या. भुसाराच्या दुकानात पैशांची चिल्लर खात्याला मांडतात, तसंच.

पण हिशेबानं नऊ मिनिटं अकरा सेकंद यायला हवं होतं आणि कानाला येत होतं आठ-सव्वाआठ. हा मिनिटभराचा फरक मी हसण्यावारी नेला. दुरुस्तीनंतर उचकी गेली म्हणून आनंदात झोपलो. दुसऱ्या दिवशी पूर्ण कीर्तन लावलं, तर सव्वा तास उलटून गेल्यावर एकदा 'टक्'.

ही दुसरी उचकी माझी नव्हती, निसर्गाची होती. दोन यंत्रांतले दोन स्फटिक सारख्या वेगानं थरथरत नाहीत. साध्या स्फटिकाचा वेग दहा लाखांत पन्नासनं इकडंतिकडं असू शकतो, त्यात उन्हानं तापलेला टेंपो आणि सावलीतला लॅपटॉप यांचा फरक वेगळा. दहा लाखांत पन्नास म्हणजे तासाला १८० मिलिसेकंद. माझ्याकडं फरक दहा लाखांत दहाच्या आसपास होता, म्हणून पन्नास मिलिसेकंदांचा हौद सव्वा तासाहून थोडा जास्त पुरला. पहिल्या रात्रीचा न जुळणारा फरकही हाच. माझ्या चुकीत स्फटिकाचं थोडं मिसळलं होतं.

यावर उपाय दोन. एक असा, की पलीकडच्या यंत्रानं हौदाची पातळी बघत राहायचं आणि आवाज किंचित ताणायचा किंवा आखडायचा. फरक इतका बारीक असतो की कानाला स्वर हललेला कळत नाही. दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण तो फक्त खोट्या कार्डालाच जमतो. आपलं घड्याळ खोटं आहे ना? मग ते वाकवताही येतं. पलीकडून दर सेकंदाला पातळीचा निरोप घ्यायचा, हौद उतरत असेल तर आपल्या कार्डानं जरा भरभर प्यायचं, चढत असेल तर जरा सावकाश. लिनक्सच्या लूपबॅक कार्डात असा वेग हलवायचा खटका मुळातच ठेवलेला आहे. टाळकरी पखवाजवाल्याच्या हाताकडं बघून वाजवतात, तसं आपलं कार्ड पलीकडच्या कार्डाकडं बघून चालतं. पखवाज मात्र एकच हवा. भोंग्यांचे तीन संच, तीन यंत्रं, तीन स्फटिक असतील तर एकाला धरायचं, बाकीच्यांनी ताणणं-आखडणं करायचं.

तीन संचांचा विषय निघालाच आहे तर उशिराबद्दल. किती उशीर चालतो? पडद्यावरच्या ओठांच्या मागं आवाज १२५ मिलिसेकंदांपर्यंत राहिला तर माणसाला सहसा जाणवत नाही, पुढं गेला तर मात्र ४५ लाच खटकतं. दूरचित्रवाणीसाठी १९९८ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशीतले हे आकडे. ढगांचा गडगडाट विजेनंतर ऐकायची आपल्याला सवय आहे, उलट कधी घडत नाही, हे त्याचं कारण असावं असं माझं मत. मांडवात पडदा नसतो, तिथं प्रश्न दोन भोंग्यांचा. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये जर्मनीत दाखवून दिलं, की तोच आवाज तीसेक मिलिसेकंदांच्या आत दुसरीकडूनही आला तर कान दोन्ही मिळून एकच धरतो. अंतर त्याच्या बरंच पुढं गेलं की बोलण्याला प्रतिध्वनी लागतो.

आता मढीची यात्रा आठवा. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर कानिफनाथांचा गड, होळीपासून पाडव्यापर्यंत माणसांचा पूर, गाढवांचा बाजार, आणि जागोजागी कर्णे. मार्चच्या उन्हात आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. दोन कर्णे ३५ मीटरवर असतील तर एकाच्या खाली उभ्या माणसाला दुसऱ्याचा आवाज शंभर मिलिसेकंद उशिरा येतो. म्हणून 'हरवलेला मुलगा चौकीवर आहे' ही सूचना पाचदा ऐकूनही कळत नाही. या उशिराला नेटवर्क जबाबदार नाही, हवा आहे. उलट नेटवर्कवर दर भोंग्याला वेगळा उशीर मुद्दाम देता येतो आणि हवेचा हिशेब भरून काढता येतो. नुसत्या वायरीत हे जमत नाही. ज्यांना ड्रायव्हरमध्ये रस नाही त्यांनी निदान भोंग्यांच्या उशिराचं प्रकरण वाचावं.

वाय-फायबद्दल थोडक्यात. एकच पॅकेट सगळ्यांना पोचवणारं मल्टिकास्ट कागदावर फार देखणं दिसतं. वायरीवर ते चालतंही. वाय-फायवर राउटर असली पॅकेटं त्याच्या सगळ्यात संथ वेगांपैकी एकानं टाकतो आणि पोचली की नाही हे विचारत नाही. मांडवात पाचशे खिशांत पाचशे मोबाइल असताना तर विचारूच नका. एकाच यंत्राला पाठवायचं असेल तर त्याचा पत्ता घालून सरळ त्यालाच पाठवा.

कर्नलमधली चूक साध्या प्रोग्राममधल्या चुकीसारखी नसते. तिथं प्रोग्राम बंद पडतो, इथं अख्खं यंत्र निळं होतं. टायमरच्या कामात असताना कर्नलमध्ये वाट बघत थांबायला मनाई आहे, आणि डिस्कवर गेलेल्या मेमरीला हात लावायलाही. नेटवर्कवर पॅकेट पाठवणं म्हणजे मुळात वाट बघणं. म्हणून टायमरनं फक्त भरून ठेवायचं आणि पाठवायचं काम दुसऱ्या धाग्याकडं द्यायचं. हे कळेपर्यंत माझा लॅपटॉप किती वेळा निळा झाला ते मोजलं नाही. सगळे प्रयोग व्हर्च्युअल मशीनमध्ये करा, नाहीतर जुन्या यंत्रावर. ज्याच्यात सप्ताहाची भजनं आहेत त्याच्यावर नको.

सहीचा मुद्दा नवशिक्याला सर्वांत आधी अडवतो. ६४ बिटांचं विंडोज सही नसलेला ड्रायव्हर कर्नलमध्ये घेत नाही, आणि विंडोज १० च्या २०१६ मधल्या १६०७ आवृत्तीपासून नव्या ड्रायव्हरला मायक्रोसॉफ्टचीच सही लागते. शिकण्यापुरता टेस्ट मोड आहे. तो चालू केला की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात तशी पाटी दिसत राहते. ती दिसू द्या. कर्नलच्या दाराला कुलूप असावं, आणि ते कुलूप आपल्यालाही लागू असावं, अशा मताचा मी आहे.

तसंच, नेटवर्कवर सोडलेला हा आवाज कुणीही ऐकू शकतो. त्याला ना कुलूप, ना पडदा. एका सकाळी ड्रायव्हर बदलून ठेवायचं विसरलो आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये साहेब मला जे बोलत होते ते गोडाऊनमधल्या भोंग्यातून गल्लीला ऐकू गेलं. शेजारच्या आजींनी संध्याकाळी विचारलं, "काम झालं का रे ते, का अजून रागवलेत?" गुप्ततेवरचं प्रकरण त्यानंतर लिहिलं.

हे मराठीत का लिहिलं, असं दोघातिघांनी विचारलं. डिप्लोमाची मुलं आमच्याकडं संध्याकाळी येतात. त्यांना इंग्रजीतला कोड वाचता येतो, पण कोड असा का लिहिला हे इंग्रजीत वाचताना ती मधेच सोडून देतात. बफर, पॅकेट, टायमर हे शब्द मी तसेच ठेवले, कारण ती मुलं तेच बोलतात. 'ध्वनिपत्रक चालक' असलं काही लिहिलं असतं तर मलाच चौथ्या पानावर कळेनासं झालं असतं.

पुढची प्रकरणं मी चुका केल्या त्याच क्रमानं आहेत. आधी खोटं कार्ड यादीत दिसेल एवढंच, मग त्याचं घड्याळ, मग नेटवर्क, मग पलीकडचा हौद, आणि सहाव्या प्रकरणात वाकणारं घड्याळ. त्यातला प्रोग्राम गेल्या सप्ताहात सातही दिवस चालला. टेंपोकडच्या भोंग्यांना एकदाही उचकी लागली नाही. पाण्याच्या टाकीकडच्या दुसऱ्या संचाला पाचव्या दिवशी दुपारी दोनदा लागली. तिचं कारण सापडलंय, यंत्रावर दुपारचं ऊन येत होतं. पण त्यावरचा इलाज अजून पोत्याच्या सावलीपलीकडं गेलेला नाही, म्हणून तो या आवृत्तीत नाही.

तिसगाव, ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर